अंधारात वाजलेलं रणशिंग

१

दिवे लागले तेव्हा स्टेजवरच्या काचेच्या पेटीचं झाकण उघडं होतं. आतल्या निळ्या मखमलीवर शिंगाच्या आकाराचा नुसता खळगा उरला होता.

पण त्या क्षणी पेटीकडे बघतंय कोण? सगळा हॉल पाठमोरा झाला होता. खुर्च्या उलथल्या होत्या, मातीच्या घड्यांच्या खापऱ्या पायाखाली करकरत होत्या आणि माणसं मागच्या सज्जाच्या जिन्यावर एकमेकांना रेटत चढत होती. कुणी ओरडत होतं, "वरून पळाला! गल्लीत बघा!" घर उतारावर असल्याने सज्जाचं मागचं दार थेट मत्रहच्या सूककडे, म्हणजे जुन्या बाजाराकडे, जाणाऱ्या चिंचोळ्या गल्लीत उघडायचं. काहीजण त्या दारातून बाहेर धावलेसुद्धा.

आणि या सगळ्या गलक्यावर चढलेला रहिमाखालांचा आवाज: "आपलाच शिंग तो! मी लानपनापासून ऐकलाय!"

विशाखा तिसऱ्या रांगेत उभी होती. तिच्या अंगावर शहारा आला होता. भीतीचा की आनंदाचा, ते तिलाही सांगता आलं नसतं. अंधारात सज्जातून आलेली ती घोगरी, लांब हाक, शेवटी तडकून दोन तुकडे झालेली! असा आवाज तिने कधीच ऐकला नव्हता. आणि आवाज ऐकणं हाच तर तिचा व्यवसाय होता. रुवीतल्या दवाखान्यात ती ऑडिओलॉजिस्ट होती. निम्म्या मस्कतचे कान तिने तपासले होते.

तिने स्टेजकडे पाहिलं. टेबलावर रिकामी पेटी. पेटीशेजारी काळ्या फडक्याने तोंड झाकलेला मातीचा घडा. घड्याबाहेर, टेबलावरच, बॅटरीवरचा एक छोटा दिवा जळत पडलेला. बाजूला प्राध्यापक जनार्दन अष्टेकर, एक हात छातीवर, दुसऱ्या हातात स्लाइड बदलायचं रिमोट.

"गेलं," ते पुटपुटले. "माझ्या डोळ्यांदेखत गेलं!"

तेवढ्यात जिन्यावरून दोघातिघांनी यासिरला दंडाला धरून खाली आणलं. यासिर म्हणजे रहिमाखालांचा मुलगा. सज्जात तो एकटाच होता.

२

घडलं होतं ते असं.

ते शिंग एडक्याचं होतं. ज्यू लोक त्याला शोफार म्हणतात. रहिमाखालांचं माहेर रायगडातल्या बोर्लीचं. तिथे त्यांच्या आजोबांच्या शेजारी रोहेकर नावाचं बेने इस्रायल, म्हणजे कोकणातलं ज्यू, कुटुंब राही, तेलाचा घाणा चालवी, शनिवारी काम बंद ठेवी. रोहेकर गाव सोडून गेले तेव्हा त्यांनी हे शिंग शेजाऱ्याच्या हवाली केलं होतं. "परत येऊ तवर सांभाळ," एवढंच बोलणं. ते परत आलेच नाहीत. शिंग मात्र सांभाळलं गेलं. आजोबांकडून वडिलांकडे, वडिलांकडून रहिमाखालांबरोबर मस्कतला. अखेर नात्यागोत्यातून विचारपूस करत त्यांनी रोहेकरांची पणती शोधून काढली. लेआ रोहेकर, अलिबागची तरुण शिक्षिका. आज सगळ्यांसमोर शिंग तिच्या हाती द्यायचं ठरलं होतं.

जागा दिली होती नबीलसाहेबांनी. मत्रहच्या बंदरामागे त्यांचं जुनं घर होतं, तळमजल्यावर हॉल. तरुणपणी मुंबईत राहिलेले असल्याने त्यांचं हिंदी थेट भेंडीबाजारचं. वयाने कान गेले होते. विशाखानेच त्यांना कानातलं मशीन दिलं होतं आणि हॉलच्या गालिच्याखालून एक तार फिरवून घेतली होती. साउंड सिस्टिममधून जे जाईल ते त्या तारेतून थेट त्यांच्या मशिनात पोचे. आज सकाळी दारातच तिने मशीनची कळ दाबून त्यांना पहिल्या रांगेत बसवलं होतं.

आणि भाषण प्राध्यापक अष्टेकरांचं. राहायला अल खौदला, प्राचीन युद्धांचा अभ्यास, आवाज खणखणीत.

"रणशिंग म्हणजे बँडबाजा नव्हे!" त्यांनी हॉल दणाणून सोडला होता. "ते हत्यार आहे. तलवार हातावर चालते, शिंग कानावर चालतं. इब्री, म्हणजे प्राचीन ज्यूंच्या, फौजेत एका तुकडीमागे एक शिंग असे. त्यांच्या एका सेनापतीने काय केलं? मूठभर माणसं घेतली आणि प्रत्येकाच्या हाती शिंग दिलं! मशाली घड्यांत लपवल्या, रात्री शत्रूच्या छावणीला वेढा घातला आणि एकदम शिंगं फुंकून घडे फोडले. शत्रूने शिंगं ऐकली, तेवढ्या तुकड्या धरल्या. अंधारात आपल्याच माणसांवर तलवारी चालवल्या. आणि या पेटीतलं शिंग, मित्रहो, किमान दीड हजार वर्षं जुनं. अशाच एखाद्या रणातून आलेलं!"

मग प्रात्यक्षिक. खिडक्यांना काळे पडदे होतेच. हॉलच्या कोपऱ्यांत माणसं उभी केली होती, सज्जात यासिरला. त्यांच्या हातात निझवाच्या गुरांच्या बाजारातून आणलेली साधी शिंगं, पायाशी बहलाचे मातीचे घडे, घड्यांत बॅटरीचे दिवे. दिवे मालवायचे, शिंगं फुंकायची, मग स्टेजवर सरांनी आपला घडा फोडला की बाकीच्यांनी फोडायचे. माइकचं काम नाही. पेटीतलं जुनं शिंग कुणी फुंकायचं नव्हतं. त्याला तडा होता.

अंधार झाला. शिंगं घुमली. बायका खुसखुसल्या, मुलं किंचाळली, मजा चालली होती. आणि अचानक सज्जातून तो तडकलेला आवाज आला. मग जी धावपळ उडाली, तिच्यात कोपऱ्यांतले घडे इशाऱ्याआधीच लाथांखाली फुटले.

पुढचं आपण पाहिलंच.

३

"डाक्टर, पुलिस बुलाऊँ?" नबीलसाहेबांचा चेहरा उतरला होता. समोरच्याचं बोलणं ऐकू यावं म्हणून विशाखाने त्यांच्या मशीनची कळ पुन्हा दाबून दिली होती. पाहुण्यांच्या पिशव्या दारात तपासून त्यांना सोडलं होतं. हॉलमध्ये आता मोजकी माणसं होती.

"बोलवा," रहिमाखाला ताठ उभ्या राहून म्हणाल्या. "माज्या पोराला घेऊन जाऊ द्यात. पयली जडती त्याचीच घ्या."

"अम्मी!" यासिरचा आवाज फुटला.

"गप! तूच बोलत व्हतास ना, कशाला द्यायचा, आपल्या घरातला हाय? वर कोन व्हता? तू! आवाज कुटून आला? वरून! मी माजे कान फेकून देव काय?"

पोलीस केस म्हणजे यासिरची नोकरी संपली, कदाचित मस्कतही संपलं. हे तिथे प्रत्येकाला कळत होतं. त्याच्या आईलाही कळत होतं, आणि तरी ती मागे हटत नव्हती. दिलेल्या शब्दापुढे तिला पोटचा मुलगाही मोठा नव्हता.

"नबीलसाहेब," विशाखा म्हणाली, "दुपारच्या अजानपर्यंत थांबा. तोवर मला सगळ्यांशी बोलू द्या."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "अजान तक. फिर मैं नहीं रुकूँगा."

विशाखाने आधी यासिरला सज्जात नेलं. तो इथेच जन्मलेला, मराठी बोलताना अडखळायचा.

"विशाखाआंटी, आय स्वेअर, मी फुंकलं नाही. माझंवालं साधं शिंग फुंकून मी खाली ठेवलं होतं. मग तो आवाज आला."

"कुठून? दाराकडून?"

"नाही. वरून. माझ्या डोक्याच्या वरून."

विशाखाने मान वर केली. वर भिंत, भिंतीवर जुना स्पीकर आणि त्याच्यावर छत. तिथे माणूस उभा राहायला जागाच नव्हती.

"जुनं शिंग तू कधी फुंकलं होतंस?"

"एकदाच या वर्षात. घरी, फोटो काढले त्या दिवशी. अम्मी लै ओरडली."

"आणि मागचं दार?"

"आतून कडी होती. लोक धावत आले, त्यांनीच काढली."

विशाखा दचकली. कडी आतून होती, तर शिंग घेऊन पळालं कोण?

४

खाली अंबरीश घाम पुसत बसला होता. मूळचा पुण्याचा, एका कंपनीत इंजिनिअर. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांचे दिवे आणि साउंड हौसेने सांभाळायचा. विशाखा समोर येताच तो आधीच म्हणाला, "मी दिव्यांच्या बोर्डापाशी होतो हं. दाराजवळ. सरांनी सांगितलं तसं केलं मी सगळं."

"तो माझ्या शेजारीच होता," लेआ रोहेकर म्हणाली. "मला गुदमरल्यासारखं झालं म्हणून मी दारात उभी होते. याचा हात बोर्डावरच होता, शेवटपर्यंत."

लेआ रडत नव्हती, पण तिची बोटं ओढणीच्या टोकाला पीळ घालत होती. "मला आज बोलायचं होतं, मॅडम. पणजोबांनी हे शिंग स्वतः तयार केलं होतं. घाटावरून धनगर उतरायचे ना मेंढ्या घेऊन, त्यांच्याकडून एडक्याचं शिंग घेतलं, उकळलं, कोरलं. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मुंबईला नेऊन तपासूनही घेणार होते. सकाळी सरांनाही सांगितलं मी."

"सर काय म्हणाले?"

"हसले फक्त. म्हणाले, घराण्यांत अशा गोष्टी सांगतातच."

प्राध्यापक अष्टेकर स्टेजच्या पायरीवर डोकं धरून बसले होते.

"सर, आवाज आला तेव्हा तुम्ही पेटीपासून दोन हातांवर होता."

"आणि पाठ फिरवून सज्जाकडे बघत होतो, तुमच्यासारखाच! अहो, काय आवाज होता तो! आयुष्यात पहिल्यांदा ऐकला मी. नुसत्या फोटोंवर काम केलं इतके दिवस, आणि ऐकायला मिळाला तो असा." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "कुणीतरी आधीच उचलून वर नेलं असणार. अंधार पडताच. हलक्या पावलांचा, तरुण माणूस."

ते यासिरकडे बघत नव्हते. बघायची गरजही नव्हती.

"हा घडा तुम्ही फोडायचा होता ना?"

"राहिला गोंधळात. जाऊ द्या. निदान आठवण म्हणून घरी नेईन."

शेवटी विशाखा नबीलसाहेबांजवळ जाऊन बसली. ते खिन्न होऊन कानातलं मशीन चाचपत होते.

"आपने क्या सुना, साहेब?"

"क्या बोलूँ? प्रोफेसर का भाषण एकदम साफ. फिर अंधेरे में वो सब बाजा, दूर-दूर का, जैसे पड़ोसी के घर में शादी हो. मैंने सोचा, मशीन बिगड़ गया." त्यांनी हात हलवला. "फिर वो आखिरी वाला! या अल्लाह! जैसे कोई कान के अंदर आके फूँका. सब लोग पीछे भागे. मुझे समझा नहीं, पीछे क्यों? मेरे को तो आगे-पीछे कुछ नहीं लगा. सीधा दिमाग में!"

विशाखा उठून उभी राहिली. 

"खाला!" तिने हाक मारली. "यासिरला चोर म्हणू नका. त्याने काही केलेलं नाही!"

५

"ऐका," विशाखा म्हणाली. तिला शब्द आवरत नव्हते. "नबीलसाहेबांच्या मशीनची कळ मी सकाळी दाबली होती. ती दाबली की मशीन बाहेरचं जवळपास काही ऐकत नाही. जे साउंड सिस्टिममधून जातं तेवढंच ऐकवतं. म्हणून भाषण साफ ऐकू आलं. म्हणूनच कोपऱ्यांतली शिंगं शेजारच्या लग्नासारखी लांबची वाटली, ती माइकवर नव्हतीच. मग शेवटचं शिंग कानात शिरून कसं वाजलं?"

तिने सज्जाकडे बोट दाखवलं.

"कारण ते सिस्टिममधून आलं. सज्जात कुणी शिंग फुंकलंच नाही. रेकॉर्डिंग वाजलं, त्या भिंतीवरच्या स्पीकरमधून. यासिरला आवाज डोक्यावरून आला तो त्यामुळेच. खाला, तुमचे कान खरे आहेत. आवाज आपल्याच शिंगाचा होता. शिंग तिथे नव्हतं."

रहिमाखालांनी तोंडावर पदर घेतला.

सगळ्यांच्या नजरा अंबरीशकडे वळल्या. तो खुर्चीतून उठला, पुन्हा बसला. "माझ्याकडे काय बघताय? मी बोर्डावर होतो! लेआने पाहिलंय!"

"पाहिलंय. म्हणूनच विचारते, मागचा स्पीकर चालू का होता?"

"सरांनी सांगितलं म्हणून! म्हणाले, समोरचे बंद कर, मागचा राहू दे, लॅपटॉपची लाइन राहू दे, नंतर स्लाइडबरोबर संगीत आहे. मी आधीच बोललो असतो, पण मला वाटलं, सगळे मलाच धरतील."

"आणि लॅपटॉप चालतो तो या रिमोटवर." विशाखा वळली. "सर, अंधारात तुमच्या हातात एवढंच होतं. एक बटण. दाबलं की शिंग सज्जात, आणि सगळा हॉल तुमच्याकडे पाठ करून उभा."

जनार्दन अष्टेकर हसले. हसू ओठांपर्यंतच आलं. "बाई, तुम्ही कान तपासा. मी त्या शिंगाचा आवाज जन्मात ऐकला नव्हता, तर रेकॉर्डिंग आणू कुठून?"

"फोटो कुणी काढले होते, सर? आज पडद्यावर दाखवलेत ते?"



"तुम्हीच काढले," यासिर एकदम म्हणाला. "आमच्या घरी! मी फुंकलं तेव्हा तुम्ही मोबाइल धरून समोर होता. तुम्हीच बोलला होता, अजून एकदा फुंक!"

"व्हय!" रहिमाखाला पुढे आल्या. "मी वरडले तवा म्हनालात, येकदाच, बाई, येकदाच!"

बाहेर बंदरावर कुठल्याशा जहाजाचा भोंगा वाजला. कुणाचंच तिकडे लक्ष गेलं नाही.

"समजा असेल तसं," अष्टेकर सावकाश म्हणाले. "मग शिंग कुठे आहे? माझी पिशवी तुम्ही पाहिलीत. खिसे पाहा. पाहा ना!"

विशाखा स्टेजवर चढली. "दिवे आले तेव्हा तुमचा दिवा घड्याबाहेर होता. बाकी सगळ्यांचे दिवे खापऱ्यांत सापडले. तुमचा घडा शाबूत, मग दिवा बाहेर काढला कुणी? आणि का? आत दुसऱ्या कशासाठी तरी जागा हवी होती म्हणून."

अष्टेकरांचा हात घड्याकडे झेपावला. पण नबीलसाहेब, एवढ्या वयाचे नबीलसाहेब, त्यांच्या आधी तिथे पोचले होते. त्यांनी घडा दोन्ही हातांनी उचलून रहिमाखालांपुढे धरला.

"आप खोलो, बहन."

रहिमाखालांनी काळं फडकं ओढलं. आत हात घातला. हात बाहेर आला तो शिंग घेऊनच. पिवळसर, वळलेलं, तड्यावर जुन्या तांब्याची तार बांधलेलं.

६

प्राध्यापक अष्टेकर खुर्चीत कोसळल्यासारखे बसले.

"मी ते विकणार नव्हतो," ते म्हणाले. "तोडणार नव्हतो. माझ्या पुस्तकाचा पायाच ते शिंग आहे. परदेशातून बोलावणं आलंय त्यावर. आणि ही मुलगी सकाळी येऊन म्हणते, पणजोबांनी धनगराकडून घेतलं! ती मुंबईला नेऊन तपासणार. शिंगच नसतं तर तपासणार काय?"

"तुमच्याच त्या सेनापतीची युक्ती," विशाखा म्हणाली. "आवाज ऐकला की तिथे माणूस आहे असं आम्ही धरून चाललो. शत्रू अंधारात आपल्याच माणसांवर उलटला, असं तुम्हीच सांगितलंत ना? ही आई तिच्या मुलावर उलटली होती, सर. तुम्ही बघत होता."

 अष्टेकरांनी मान खाली घालून एवढंच विचारलं, "पोलीस?"

नबीलसाहेबांनी लेआकडे पाहिलं. लेआ म्हणाली, "शिंग मिळालं. पण कुणी चोरलं आणि कसं, ते ज्यांनी ज्यांनी यासिरवर बोट रोखलं त्या सगळ्यांना सरांनी स्वतः सांगायचं. एकेकाला फोन करून. आणि शिंग किती जुनं आहे तेही."

अष्टेकरांनी फोन बाहेर काढला. पहिला नंबर लावताना त्यांचं बोट दोनदा चुकलं. तेवढ्यात अजान सुरू झाली आणि ती संपेपर्यंत सगळे गप्प उभे राहिले.

यासिर मात्र तिथे थांबला नव्हता. तो रस्ता ओलांडून कॉर्निशच्या, बंदराकाठच्या फिरायच्या वाटेच्या, कठड्यापाशी जाऊन उभा होता, समुद्राकडे तोंड करून. रहिमाखाला त्याच्यामागे गेल्या. विशाखा आणि लेआ थोडं अंतर राखून.

"यासिर," त्या म्हणाल्या. तो वळला नाही. "मी चुकले रं. सगल्यांम्होरं तुला चोर केला."

पाण्याकडे बघतच तो म्हणाला, "तुला खरंच वाटलं होतं, अम्मी?"

"वाटला," त्या म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमलंच नसतं. "आनि तवाच मेले मी."

तो वळला. आईचा चेहरा पाहून त्याचा राग टिकेना. तिच्या हातातलं शिंग त्याने अलगद घेतलं, क्षणभर अंगठा त्याच्या वळणावरून फिरवला, आणि चार पावलं चालून लेआपुढे धरलं.

"घे. तुझं आहे."

लेआने ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं. मग तोंडाला लावून फुंकलं. नुसती हवा गेली, फुस्स! तिने पुन्हा फुंकलं, गाल फुगवून, लाल होऊन. पुन्हा फुस्स. तिला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही.

"मला येत नाही," ती म्हणाली. "आमच्या घरात आता कुणालाच येत नाही. फुंकणारे आजोबा गेले, तेव्हाच संपलं. तुला कुणी शिकवलं?"

"नानांनी, अम्मीच्या बाबांनी. त्यांना त्यांच्या बाबांनी." यासिर जरा थांबला. "त्यांना तुझ्या पणजोबांनी. शेजारी होते ना."

लेआ त्याच्याकडे बघत राहिली.

"मग मला शिकव," ती म्हणाली. "आत्ता. माझं विमान उद्या आहे."

यासिरने बाटलीतलं पाणी शिंगात घालून खळखळून ओतून टाकलं. "कोरडं असलं की बोलत नाही. ओठ असे आवळून धर. बाजूला, मध्ये नाही. गाल फुगवू नको. जोर पोटातून."

फुस्स. फुस्स. एक टॅक्सीवाला काच खाली करून बघू लागला. कठड्यावरचे सीगल उडाले, परत बसले. रहिमाखाला दोन्ही हात छातीशी धरून उभ्या होत्या.

"अजून," यासिर म्हणाला. "यल्ला, अजून एकदा!"

लेआने डोळे मिटले, श्वास भरला आणि फुंकलं. आधी नुसती घरघर. मग तिच्या हातात काहीतरी जागं झाल्यासारखं शिंग थरारलं आणि त्यातून एक घोगरी, लांब हाक सुटली, थेट बंदरातल्या जहाजांवरून पलीकडे, आणि शेवटी तडकून तिचे दोन तुकडे झाले.

"आला!" रहिमाखाला ओरडल्या. "आला गो, आला!"